उंबरा न मानणारा व्हॅम्पायर

प्रश्न : काकू, पैसे साठवून ४५० रुपयांची एक इंग्रजी कादंबरी मागवली. चेटकीण आणि व्हॅम्पायरचं प्रेम. मुखपृष्ठ झकास, सगळीकडे वाहवा. तीनशे पानं झाली तरी दोघं नुसते एकमेकांकडे बघतायत. मैत्रिणी म्हणतात, तुलाच रोमान्स कळत नाही. खरंच माझं चुकतंय का? उरलेली दीडशे पानं वाचू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अगं, हेच पुस्तक पुतणीनं मला आणून दिलं होतं. मी शेवटपर्यंत वाचलंय, म्हणून सांगते : पुढेही ते बघतच राहतात.

मैत्रिणींचं मनावर घेऊ नकोस. वाचनालयाच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली मी. प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांइतकं कडक परीक्षक कुणी नाही. पुस्तक परत देताना नुसतं ‘हं’ म्हणायच्या, त्यात सगळं आलं.

या व्हॅम्पायरचं दुखणं असं की त्याला कसलीच आडकाठी नाही. भर उन्हात हिंडतो, कॉफी पितो. रक्त म्हणे त्यानं कधीच सोडलं, आपल्याकडे लोक संकष्टीपुरता भात सोडतात तितक्या सहज. आता ब्रॅम स्टोकरचा १८९७ सालचा ड्रॅक्युला बघ. तोही दिवसा लंडनमध्ये फिरतो (उन्हानं मरणं सिनेमानं नंतर चिकटवलं), पण दिवसा त्याची शक्ती चालत नाही, आरशात तो दिसत नाही, आणि घरातल्या कुणी आधी ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. म्हणजे दार उघडायचं की नाही हे आतल्या माणसाच्या हातात. प्रेमकथेला आणखी काय लागतं गं? तुझ्या पुस्तकातला गडी एकविसाव्या पानावर खिडकीतून आत येतो, बाई गाढ झोपलेली. मला तर पोलीस आठवले.

आपला वेताळ घे. उत्तर माहीत असून राजा गप्प बसला तर डोक्याची शकलं होणार, बोलला तर वेताळ परत झाडावर. म्हणून तर आपण पुढची गोष्ट ऐकतो.

भीतीलाही अशीच आडकाठी लागते. माझं आजोळ हरिपूरचं. तिथं जमिनीखाली हळद साठवायची पेवं असायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो. मामा आम्हा पोरांना तोंडापासून चार हात लांब उभं करायचे. भुताचं नाव कुणी काढायचं नाही, पण ते काळं तोंड अजून स्वप्नात येतं.

चेटकिणीवर मात्र माझा जास्त राग. नायिकेची पूर्वज अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकीण म्हणून जाळली गेली म्हणे. १६९२ च्या त्या खटल्यांत १९ जणांना फाशी दिलं, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. जाळलं कुणालाच नाही. लेखिकेनं एवढं तरी बघायचं! बरं, ते दुःख दोन ओळींत संपतं आणि लगेच मखमली झग्याचं वर्णन. शेजारच्या साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. तो आला २०१३ मध्ये, त्यांच्या खुनानंतर. आपल्याकडे बाईला डाकीण ठरवून मारलेलं आहे. तो शब्द कुणी अत्तरासारखा शिंपडला की मला नाही चालत.

तेव्हा उरलेली पानं सोड. लग्न होतं, आणि दुसरा भाग येणार आहे. त्यापेक्षा शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ वाच. १८७२ ची, ड्रॅक्युलाच्याही आधीची, आणि छोटीशी. त्यात व्हॅम्पायर ही मुलगीच आहे, आणि ज्या मुलीला तिची ओढ वाटते तिलाच तिची किळसही येते, एकाच वेळी.

तुझं पुस्तक वाचनालयाला मात्र देऊ नकोस, काउंटरवरच्या बाईला उगाच ‘हं’ ऐकावं लागेल. मैत्रिणींना दे. त्या कितव्या पानावर थांबतात ते मला कळव.