'पहिल्या पिढीतला' म्हणजे नुकता आलेला नव्हे

एका वाचक भगिनींनी विचारलंय: "अमेरिकेतल्या बातम्यांत 'पहिल्या पिढीतील लॅटिनो विद्यार्थी' असं वाचते. म्हणजे नुकतंच तिकडे स्थायिक झालेल्या घरातली मुलं का? नेमकं मराठीत काय म्हणावं?"

नाही हो, नुकतं आलेलं असण्याशी याचा काही संबंध नाही. हा घोटाळा मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की आता चीड येते. इथे पिढी मोजायची ती शिक्षणाची, स्थलांतराची नव्हे. अमेरिकेच्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात १९८० च्या दुरुस्तीने व्याख्याच घातली: आईवडिलांपैकी कोणीही चार वर्षांची पदवी पूर्ण केलेली नसेल, तर तो विद्यार्थी पहिल्या पिढीतला. कोलंबियाची राजधानी बोगोटात डॉक्टर असलेल्या बाईंची मुलगी परवा मायामीत उतरली, तरी या अर्थाने ती पहिल्या पिढीतली नाही. उलट न्यू मेक्सिकोत अशी घरं आहेत, जी अमेरिका हा देश जन्मायच्या आधीपासून तिथेच आहेत. १८४८ च्या तहाने तो मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. माणसं जागची हलली नाहीत, सरहद्दच त्यांना ओलांडून गेली. अशा घरातली मुलगी आज विद्यापीठात गेली आणि तिच्या आईवडिलांकडे पदवी नसली, तर ती पहिल्या पिढीतली. कुठून आली, हा प्रश्न तिला विचारणंच चूक.

दोन वर्षांपूर्वी टेक्सासात भाचीकडे असताना एक पदवीदान पाहिलं. पुढच्या रांगेतल्या मुलीने चौकोनी टोपीवर चकचकीत अक्षरांत 'ग्रासियास, मामा इ पापा' (स्पॅनिशमध्ये 'आईबाबा, धन्यवाद') असं चिकटवलं होतं आणि झग्यावर सारापे या रंगीत पट्ट्यांच्या मेक्सिकन कापडाचा उपरण्यासारखा पट्टा घेतला होता. आमच्यातल्या एका काकांनी लगेच विचारलं, "कधी आली ही मेक्सिकोहून?" तिच्या खापरपणजोबांचं थडगं त्याच जिल्ह्यात आहे, हे भाचीने सांगितलं तेव्हा काका गप्प झाले.

'लॅटिन विद्यार्थी' असं कृपा करून लिहू नका. लॅटिन ही सीझरची भाषा. 'लॅटिनो' हे स्पॅनिशमधल्या 'लातिनोआमेरिकानो'चं, म्हणजे 'लॅटिन अमेरिकेतला' या शब्दाचं, आखूड रूप. मुलगी असेल तर लॅटिना. 'स्पॅनिश विद्यार्थी' म्हणजे स्पेनचा. एवढं पुरे.

आता खरी मजा 'पिढी'त आहे. इंग्रजीतला 'जनरेशन' हा आपल्या 'जन्', 'जनन' यांच्याच कुळातला, म्हणजे तो जन्म मोजतो. आपली 'पिढी' जन्म मोजत नाही, बसायच्या जागा मोजते! संस्कृत 'पीठ', 'पीठिका' म्हणजे आसन. त्यातून आलं चुलीपुढचं 'पिढं', आणि त्यातूनच 'पिढी': एक उठला की दुसरा त्या जागी बसतो, ती पिढी. आणि 'विद्यापीठ' या शब्दात शेवटी बसलंय ते हेच पीठ. विद्यापीठ आणि पिढी ही सख्खी भावंडं आहेत! ज्या घरातलं कोणी त्या पीठावर कधी बसलं नाही, तिथली मुलं आज बसली, ही खरी पहिली पिढी. मूळ इंग्रजी शब्दाला न साधलेला अर्थ आपल्या शब्दाच्या पोटात आधीपासून आहे.

एका व्याख्यानात मात्र एका जाणकारांनी 'पिढी' ठामपणे 'पिंडा'पासून काढली: श्राद्धाचे पिंड, म्हणून पिढी. मला हे अजिबात पटत नाही. पिंडातला अनुस्वार कुठे गेला? ड चा ढ कशाने झाला? याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. ठ चा ढ मात्र प्राकृतात सर्रास होतो. 'मठ'चा 'मढ' होतो, 'पठ्'पासून 'पढणे' येतं. पढणे आणि पिढी दोन्ही एकाच ध्वनिबदलाची लेकरं, आणि आपला विषय नेमका पढणाऱ्या पिढीचा! पिंडवाल्यांना ही सोय नाही.

मराठीत काय म्हणावं, हे राहिलंच. 'शिकलेली पहिली पिढी' आपण आपल्याकडच्या घरांबद्दल म्हणतो, पण इथे ते सैल पडतं. या मुलांचे आईवडील अनेकदा शाळा शिकलेले असतात. 'प्रथम-पिढी महाविद्यालयीन' हा तर दगड आहे, कोणाच्या तोंडी बसणार नाही. सरळ 'विद्यापीठात गेलेली पहिली पिढी' म्हणा. 'कॉलेज' शब्द टाळण्याचं आणखी एक कारण आहे: स्पॅनिशमध्ये 'कोलेजिओ' म्हणजे शाळा. मुलगी घरी 'कॉलेज' म्हणाली की आजीच्या डोळ्यापुढे गणवेश आणि डबा येतो. ती जिथे जाते त्याला घरचा शब्द 'उनिवेर्सिदाद'. आणि तिथे पोचल्यावर 'ऑफिस अवर्स' दिसले की तिला वाटतं, ही प्राध्यापकांच्या कामाची वेळ, दार वाजवू नये. ती वेळ विद्यार्थ्यांनी येऊन विचारावं म्हणूनच ठेवलेली असते, हे सांगणारं घरात कोणी नसतं.

आणि 'घरातला पहिला विद्यार्थी' असंही लिहू नका. टोपीवाल्या मुलीचा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी गेला, तर तोही पहिल्या पिढीतलाच. दुसरी पिढी या दोघांच्या मुलांपासून.