रस्त्याला साथ करताना

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. मुंबईतल्या फोर्टच्या ऑडिओ वॉकसाठी, म्हणजे हेडफोन लावून चालता चालता ऐकायच्या फेरीसाठी, केलेला तुझा अठ्ठावीस मिनिटांचा ट्रॅक ऐकला. घरी, खिडक्या लावून, चांगल्या हेडफोनवर. फार सुंदर झालाय, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. घरी बसून ऐकताना त्यात काहीच कमी वाटत नाही. मग ओव्हल मैदानापासून सीएसएमटीपर्यंत चालणाऱ्या माणसाने शहर कुठे ऐकायचं? तू मैफल मांडलीस. इथे काम आहे साथीचं. गाणार रस्ता, तो रोज वेगळं गातो, तुला विचारत नाही, आणि तुला त्याच्या मागे पेटी धरायची आहे.

चालताना वाजणारं संगीत आपल्याला नवीन नाही. आळंदीहून निघालेली दिंडी टाळ-मृदंगावर पंढरपूरपर्यंत चालतेच. पण तिथे गाणारा आणि चालणारा एकच असतो. पाय थांबले की टाळही थांबतात. तुझा श्रोता एकटा आहे, संगीत दुसऱ्याने आधीच वाजवून ठेवलंय आणि तो थांबला तरी ते पुढे पळतं. कुणी हुतात्मा चौकातल्या फुटपाथवर पुस्तकं चाळत रमेल, कुणाला सिग्नल अडवेल, कुणी नऊ-पन्नासच्या गर्दीत ऑफिसवाल्यांच्या वेगाने ओढला जाईल. तुझा हॉर्निमन सर्कलचा संतूर त्या माणसाला भलत्याच ठिकाणी ऐकू येणार.

म्हणून अठ्ठावीस मिनिटं विसर. तुकडे कर आणि प्रत्येक तुकडा जागेला बांध. एलेन रीड या अमेरिकन संगीतकार बाईने २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी असंच केलं: फोनला तू कुठे आहेस ते कळतं, आणि पायवाट बदलली की संगीत बदलतं. यात रचनाकाराची खरी कसोटी तुकड्यात नसते, सांध्यात असते. शेजारचे कुठलेही दोन तुकडे एकमेकांवर चढले तरी कानाला बोचता कामा नयेत, आणि उलट दिशेने आलेल्यालाही ते पटले पाहिजेत. सगळ्या वाटेला एक षड्ज, म्हणजे एकच सा, ठेव. फार तर पंचमाला षड्ज करून एक भाग वेगळा काढ.

जीपीएसवर फार विसंबू नकोस. ओव्हलवर आकाश मोकळं आहे, तिथे पाचेक मीटरचा फरक धरून चाल. दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखाली मात्र डोक्यावर छत आणि समोर उंच दगडी इमारती. सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि फोन तुला खुशाल रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवतो. त्या पट्ट्यात बारीक बारीक तुकडे पाडू नकोस. एकच लांब तुकडा ठेव, त्याच्या कडा शेजारच्या तुकड्यांवर भरपूर चढव, आणि एका भागातून दुसऱ्यात जायला आठ-दहा सेकंदांचा उतार दे.

आता राजाबाई टॉवर, ओव्हलसमोरचा घड्याळाचा मनोरा. तुझ्या ट्रॅकमध्ये त्याचे टोल रेकॉर्ड करून घातलेस, तेही गुळगुळीत करून. कशाला? १८७८ पासून उभा असलेला टॉवर दर पंधरा मिनिटांनी स्वतः वाजतो, फुकट. ओव्हलवर जा, घंटांचे सूर पेटीवर पकड आणि ओव्हलच्या तुकड्याचा षड्ज असा लाव की ते सूर त्यात परके वाटणार नाहीत. तुझी श्रुती, म्हणजे सुराची नेमकी उंची, त्यांना तंतोतंत जुळणार नाही. ती जरा हलती राहू दे, म्हणजे उणं-अधिक खपून जातं. ताल जुळवायला मात्र जाऊ नकोस. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्याला टोल सेकंदभर उशिरा पोचतो, टॉवरखालच्याला लगेच. पण फोनमध्ये घड्याळ आहेच. श्रोता ओव्हलच्या हद्दीत असेल आणि पाव तास भरत आला असेल, तर तुझ्या संगीताचा आवाज आपोआप खाली उतरव, दोनेक मिनिटं तसाच राहू दे. टॉवरचं आणि फोनचं घड्याळ सेकंदाबरहुकूम चालेल असं धरू नकोस, म्हणून ही ढील. ज्याला टोल मिळाले त्याला मिळाले. बाकीच्यांना क्रिकेटच्या बॅटीचा आवाज आहे, तोही काही वाईट नाही.

खर्जाचा, म्हणजे खालच्या जाड सुरांचा, मोह आवर. तुझा तानपुरा घरी छातीत घुमत होता, एम. जी. रोडवर त्याचा खर्ज बसच्या इंजिनाखाली गडप होईल. वाहनांचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीत असतो. खर्ज ऐकू येईना की माणूस आवाज वाढवतो आणि मग मागून येणारी टॅक्सीही ऐकू येत नाही. मधल्या सप्तकात लिही, विरळ लिही. हॉर्नचा टोकदार भाग दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असतो. क्रॉसिंगजवळ त्या पट्ट्यात लांब सूर धरू नकोस. खरं तर क्रॉसिंगवर काहीच नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राला दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. हायकोर्टासमोरच्या रस्त्यावर मीटर धरून बघ, हसू येईल. आणि सूचनेत लिही, हेडफोनची बाहेरचा गोंगाट कापणारी सोय बंद ठेवा किंवा कान मोकळे ठेवणारे इअरफोन वापरा.

लयीबद्दल थोडक्यात. रमतगमत नाही आणि घाईतही नाही, असं चालणारा माणूस मिनिटाला शंभर-एकशेवीस पावलं टाकतो. तुझा ठेका त्याच्या आसपास गेला की पाय आपोआप त्याला चिकटतात आणि फेरफटक्याची कवायत होते. तुझा मधला द्रुत भाग काढून टाक, मला तो आवडला असूनही.

जॅनेट कार्डिफचं काम ऐकलं नसशील तर ऐक. या कॅनडाच्या कलावतीने १९९१ मध्ये बॅन्फला पहिला वॉक केला; १९९९ चा लंडनचा वॉक व्हाइटचॅपलच्या तेव्हाच्या ग्रंथालयापासून निघून लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनात संपतो. दोन कानांच्या जागी दोन माइक ठेवून त्याच वाटेवर रेकॉर्डिंग, आणि त्यात तिची स्वतःची पावलं. मागून कुणी आलं असं वाटून श्रोता वळून बघतो. ही युक्ती जबरदस्त आहे, म्हणूनच चमच्याने वापर. मुंबईत तर स्कूटर, हॉर्न, ब्रेक यांचं रेकॉर्डिंग रस्त्याकडेच्या भागात अजिबात घालायचं नाही. खरा कुठला आणि खोटा कुठला हे ओळखायला लागणारा अर्धा सेकंद तिथे महागात पडतो. हॉर्निमन सर्कलच्या बागेत, बाकावर बसवून, काय हवं ते कर.

फेरीवाल्याची हाक घेतलीस, त्याला विचारलंस का? ती हाक त्याने वर्षानुवर्षं घासून तयार केली आहे. तुझ्या संतूरवादकाला मानधन असेल तर त्यालाही हवं. आणि निवेदन निम्म्याहून कमी कर. दिसतंय ते सांगू नकोस.

मिक्स, म्हणजे कुठला आवाज किती मोठा ते, स्टुडिओत पक्का करू नकोस. लॅपटॉप घेऊन फूटपाथवर जा: ऑफिस सुटतानाच्या गर्दीत, दुपारी तीनला, रविवारी सकाळी. रविवारचा फोर्ट वेगळंच गाव असतो. जे गुरुवारी कुजबुजीसारखं वाटलं ते तिथे ओरडेल. जुलैत छत्री घेऊनही जा. छत्रीवर पाऊस पडू लागला की वरच्या पट्टीतलं नाजूक काम सगळं बुडतं. पावसाळ्यासाठी वेगळा मिक्स लागेल, तेवढे पैसे आयोजकांकडून आत्ताच मागून घे. मागाहून कुणी देत नाही.

पुढच्या वेळी मला ट्रॅक पाठवू नकोस. नकाशा पाठव. कुठे काय वाजतं ते निळ्याने, शहर काय वाजवतं ते लाल शाईने, आणि कुठे तू गप्प आहेस ते कोरं ठेवून. निळं जास्त दिसलं तर मी परत पाठवणार आहे.

तुझा,
काका