तुझं सेशन कुणीतरी ऐकू दे

सप्रेम आशीर्वाद.

समुपदेशनाचा ऑनलाइन कोर्स संपला, आता पुढचा कुठला लावू, असं विचारलंस. माझं ऐकशील तर एवढ्यात दुसरा लावूच नकोस. मालवणात बसून चांगल्या तज्ज्ञांचे वर्ग ऐकता येतात, ही फार मोठी सोय आहे. पण व्हिडिओ पाहून नैराश्याची लक्षणं पाठ होतात. समोरचा रडायला लागला की गप्प कसं बसायचं, ते सरावानेच जमतं.

शेजारच्या गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांना तयार केलं. सहा ते आठ सेशन, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: हे सेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून सावरले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. त्यांच्या पद्धतीतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे, हे समुपदेशक एकमेकांच्या सेशनची रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायचे. तुझ्या कोर्समध्ये हे झालं का? नसेल तर कोर्समधल्या कुणाशी तरी जोडी जमव आणि व्हिडिओ कॉलवर रोल-प्ले कर. मालवणीत कर बरं का, पुस्तकी मराठीत नको.

समज, जूनमध्ये मासेमारीबंदी लागली आणि एक खलाशी तुझ्यासमोर बसलाय. म्हणतो, “माका काय सुचना नाय, झोप येना नाय.” स्लाइडमध्ये लिहिलेलं असतं, रोज फिरायला जा. त्या पावसात कुठे जाईल तो? त्यापेक्षा विचार, पडवीत बसून जाळ्याचा एक फाटका भाग शिवता येईल का? कधी? सोबत कोण असेल? मन लागेल तेव्हा काम करू, असं म्हणत थांबायचं नाही. थोडं काम झालं की मन हळूहळू वळतं, हेच ‘संगथ’च्या त्या उपचाराचं सूत्र. आणि तो देवळात कौल लावून आला असेल तर वाद घालू नकोस. सोबत कोण आलं होतं, ते विचार. आधार देणारं माणूस तिथेच सापडतं.

पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या यादीतला नववा प्रश्न, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, पुटपुटत उरकू नकोस. सरळ, शांतपणे विचार. विचारल्यामुळे तो विचार मनात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नकोस, लगेच मला फोन कर आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांशी बोल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या घरच्यांनाही लिहून दे.

सेशनचं रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घे, नाव-गाव येऊ देऊ नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात पाठवू नकोस. येत्या रविवारी इकडे ये, आपण दोघी ते एकत्र ऐकू आणि ऐकून झालं की पुसून टाकू. तू कुठे घाईने सल्ला दिलास, तेवढं मात्र वहीत टिपून ठेव.

तुझी,
ताई