जकातदार म्हणजे नेमका कोण?

प्रश्न असा आलाय की मराठी बायबलमध्ये 'जकातदार आणि पापी' ही जोडी सारखी का येते, जकात गोळा करणं हे तर सरकारी काम, त्यात पाप कुठून आलं?

गोम त्या 'सरकारी'मध्येच आहे. जकातदार म्हटलं की आपल्याला नाक्यावरचा पगारी कारकून दिसतो. मूळ ग्रीक शब्द आहे तेलोनेस, त्यात तेलोस म्हणजे कर किंवा जकात आणि ओनेओमाई म्हणजे विकत घेणं, म्हणजे हा जकात चक्क विकत घेणारा माणूस. बोली लावून हक्क घ्यायचा, ठरलेली रक्कम सत्तेला पोचवायची आणि ती भरून काढून वर आपला नफाही लोकांकडूनच वसूल करायचा. मराठीत याला सरळ मक्ता म्हणतात, इजारा म्हणतात. आता गाढवावर धान्याची पोती लादून एखादा शेतकरी नाक्यावर आला की हा पोती सोडायला लावणार, मालाची किंमत हाच ठरवणार, आणि तक्रार करायची तर कोणाकडे? लूकच्या शुभवर्तमानात (३:१३) बाप्तिस्मा करणारा योहान जकातदारांना 'नेमून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका' एवढंच सांगतो, ते वाचताना किती साधं वाटतं, पण त्यांचा सगळा धंदाच त्या 'जास्त'वर उभा होता!

तरी मला 'जकातदार' हा शब्द आवडतो, कारण इंग्रजीतल्या 'टॅक्स कलेक्टर'पेक्षा तो नेमका आहे. जमिनीचा आणि डोईचा कर वेगळा, मालावरची जकात वेगळी. यरुशलेमभोवतीचा यहूदीया प्रांत इ.स. ६ मध्ये थेट रोमच्या ताब्यात गेला, रोमन सुभेदार क्विरीनियसने करासाठी शिरगणती केली आणि गालीलकर यहूदाने त्याविरुद्ध बंड केलं, ते भांडण थेट कराचं, आणि मार्क १२ मध्ये 'कैसराला (म्हणजे रोमन सम्राटाला) कर द्यावा की नाही' असं येशूला विचारतात तोही तोच कर. मार्क २:१४ मधला लेवी बसलाय तो कफर्णहूमजवळच्या जकातनाक्यावर, तिथे राज्य रोमचा मांडलिक हेरोद अंतिपाचं आणि पलीकडे त्याच्या भावाची, फिलिप्पाची हद्द लागते, त्यामुळे लेवीला सरसकट 'रोमचा नोकर' म्हणतात ते मला पटत नाही. लूक १९ मधला यरीहोचा जक्कय मात्र रोमच्या अमलाखालचा, आणि त्याच्यासाठी लूक अर्खितेलोनेस म्हणजे मुख्य जकातदार असा शब्द वापरतो जो नव्या करारात दुसरीकडे कुठेच नाही. ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देईन असं तो म्हणतो, ते नुसतं मन बदलल्याचं बोलणं नाही हो, पैसा आला त्याच वाटेनं परत जाणार होता.

म्हणून भाषांतरात 'जकातदार'च राहू द्या, फक्त तळटीपेत 'जकातीचा मक्ता घेणारा' एवढं घाला.