विजेरीतील एलईडी बदलताना

प्रश्न : माझ्याकडे दोन पेन्सिल सेलवर चालणारी, अ‍ॅल्युमिनिअमच्या कवचाची लहान विजेरी आहे. मूळचा एलईडी काढून मी तिथे एक वॉटचा एलईडी डाग देऊन बसवला. परंतु उजेड जवळपास पूर्वीइतकाच आहे. एलईडी सदोष असेल का? त्याच मापाचे लिथियम सेल घातले तर चालेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : आपला एलईडी बहुधा निर्दोष आहे, तो उपाशी आहे. पांढऱ्या एलईडीला पूर्ण प्रकाशासाठी साधारण ३.० ते ३.४ व्होल्ट लागतात आणि एक वॉटच्या एलईडीतून त्या वेळी सुमारे ३५० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. दोन पेन्सिल सेल नवे असताना कसेबसे ३ व्होल्ट देतात, आणि भार पडताच त्यांचा दाब २.७-२.८ पर्यंत उतरतो. एलईडीत दाब थोडासा घटला तरी प्रवाह कितीतरी पटींनी घटतो, त्यामुळे उजेड वाढलेला दिसत नाही.

हाच नियम उलट दिशेने घातक ठरतो. पेन्सिल सेलच्या मापाचा लिथियम सेल पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्टचा असतो. असे दोन एकापुढे एक घातले, तर ८.४ व्होल्टखाली तो एलईडी क्षणात जळेल. तेव्हा तो विचार सोडून द्यावा.

योग्य मार्ग म्हणजे सेल आणि एलईडी यांच्यामध्ये दाब वाढवून प्रवाह स्थिर ठेवणारे लहान बूस्ट सर्किट बसवणे. एलईडीला सव्वा वॉटच्या आसपास शक्ती द्यायची आणि सर्किटमध्ये वीसेक टक्के वाया जाते असे धरले, तर सेलमधून अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जातो. साधे जस्त-कार्बनचे स्वस्त सेल यापुढे लवकर मान टाकतात. २००० मिलिअँपिअर-तासांचे निकेलचे पुनर्भारित सेल मात्र सुमारे तीन तास निभावतात.

उष्णतेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, कारण दिलेल्या शक्तीतील निम्म्याहून अधिक भाग उष्णता होतो आणि ती एलईडीच्या पाठीमागूनच बाहेर काढावी लागते. यासाठी एलईडी अ‍ॅल्युमिनिअमच्या चांदणीसारख्या पट्टीवर बसवलेला घ्यावा, आणि ती पट्टी उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर देऊन कवचाच्या धातूला घट्ट टेकवावी. त्याआधी मल्टिमीटरने पट्टीची पाठ आणि डाग देण्याच्या दोन्ही जागा यांच्यात जोड नाही ना, हे अवश्य तपासावे. अशा बहुतेक विजेऱ्यांत कवचच ऋण तारेचे काम करते, आणि इथे जोड निघाली तर शॉर्ट होण्याची भीती असते. (कवच प्लास्टिकचे असते, तर मी १५० मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ नका असे सांगितले असते.)

परावर्तकाचे काम चिकाटीचे आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात एलईडी जेमतेम मिलिमीटरभर खाली राहिला आणि भिंतीवर प्रकाशाच्या मधोमध काळा ठिपका उमटला. पट्टीखाली तांब्याची पातळ चकती सरकवल्यावर तो गेला. म्हणून पेस्ट पक्की करण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत भिंतीवर प्रकाश टाकून उंची ठरवावी.

शेवटी विजेरी दहा मिनिटे पेटती ठेवून हातात धरावी. कवच कोमट लागले, तर उष्णता बाहेर येत आहे. ते गार राहून प्रकाश मंदावू लागला, तर पट्टी धातूला टेकलेली नाही, पुन्हा उघडा.