रीफ टँकचा दिवा हप्त्यांवर घ्यावा का?

प्रश्न: माझा ६० × ४५ × ४५ सेंटीमीटरचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक (म्हणजे कोरल, प्रवाळ ठेवायचा टँक) सहा महिन्यांचा आहे. सध्या झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर असे मऊ प्रकारचे कोरल आहेत. पुढे अ‍ॅक्रोपोरा हा कठीण सांगाड्याचा, नाजूक कोरल ठेवायचा विचार आहे. नामांकित कंपनीचा एलईडी दिवा वर्षभराच्या बिनव्याजी हप्त्यांवर मिळतोय. साधा ब्लॅक बॉक्स (काळ्या पेटीतला, नामांकित नसलेला) एलईडी त्याच्या पाचव्या हिश्श्यात येतो. ओळखीतले एक गृहस्थ जुना टी-फाइव्ह (बारीक फ्लुरोसंट ट्यूबचा) संच त्याहूनही स्वस्तात देतायत. माझा आणीबाणीचा निधी दोन महिन्यांच्या खर्चाइतका आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, तर महागडाच घेऊन टाकू का?

उत्तर: हौसेला मोल नसेल, हप्त्याला मात्र तारीख असते. माझं मत सरळ सांगतो: ब्लॅक बॉक्स घ्या, आणि रोखीने घ्या.

महागड्या दिव्याला नावं ठेवायचं कारण नाही. प्रकाश चांगला पसरतो, पंखा आवाज करत नाही, सुटे भाग मिळतात, विकायला काढला तर गिऱ्हाईकही मिळतं. पण तुमच्याकडे आज असलेल्या कोरलना त्याची गरज नाही. कोरलच्या पेशींतलं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न बनवतं, आणि त्याला मिळणारा उपयोगी प्रकाश ‘पार’मध्ये मोजतात. झोअँथिड, मशरूम, लेदर यांचं साधारण ५० ते १५० पारमध्ये छान चालतं. अ‍ॅक्रोपोराला २५० ते ४०० लागतो. म्हणजे तुम्ही आज पैसे मोजणार ते अजून टँकमध्ये न आलेल्या पाहुण्यासाठी. सहा महिन्यांच्या टँकमध्ये तो इतक्यात येऊही नये, कारण त्याला प्रकाशापेक्षा स्थिर पाणी आधी लागतं.

आता जुना टी-फाइव्ह. प्रकाश एकसारखा, सावल्या कमी. मला स्वतःला तो आवडतो. पण त्यात २४ वॉटच्या चार ट्यूब असतील तर दिवसाला दहा तास धरून वर्षाला सुमारे ३५० युनिट वीज जाते. ६० वॉटवर चालवलेला एलईडी २२० युनिट खाईल. हा फरक सोसेल. न सोसणारा खर्च ट्यूबचा आहे. त्या पेटत राहतात, पण प्रकाश उतरत जातो, म्हणून ९ ते १२ महिन्यांत बदलाव्या लागतात. वर्षातून एकदा चारही ट्यूब बदलल्या असं धरलं तरी पाच वर्षांत २० ट्यूब. गृहस्थ संच फुकट द्यायला निघाले तरी आधी ट्यूबचा भाव विचारा.

ब्लॅक बॉक्सच्या खोक्यावरचा आकडा मनावर घेऊ नका. ३ वॉटचे ५५ एलईडी म्हणून ‘१६५ वॉट’ छापतात. प्लगमधून प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी वीज ओढली जाते. प्लगला लावायचा वीजमापक असेल तर एकदा बघाच. ‘५०,००० तास’ हा आकडाही तसाच. रोज दहा तासांनी ती तेरा वर्षांहून जास्त होतात, पण त्याआधी पंखा किंवा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) जातो. माझ्या दिव्याच्या पंख्यावर दर महिन्या-दोन महिन्यांनी मिठाचा पांढरा थर बसतो. दिवा बंद करून जुन्या टूथब्रशने झाडतो. तरीही हिशेब असा: महागडा पाच वर्षं टिकला आणि ब्लॅक बॉक्स दरवर्षी नवा घ्यावा लागला, तर कुठे खर्च बरोबरीत येतो.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. दिवा दोन दिवस बंद राहिला तर कोरल मरत नाहीत. सायनोबॅक्टेरियाचा (वाळूवर-दगडांवर पसरणाऱ्या चिकट जिवाणूंचा) थर घालवायला लोक मुद्दाम तीन-तीन दिवस अंधार करतात. पण वीज जाऊन पंप थांबला की ऑक्सिजन कमी होत जातो आणि मासे काही तासांत दगावू शकतात. तुमच्या पत्रात बॅटरीवरच्या एअर पंपाचा उल्लेख नाही, पाण्याचा खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरचाही नाही, आणि अल्कॅलिनिटीच्या (पाण्याचा पीएच स्थिर ठेवण्याच्या क्षमतेच्या) टेस्ट किटचाही नाही. दिव्यात वाचलेले पैसे आधी तिथे जाऊ द्या. उरतील ते तुमच्या स्वतःच्या निधीत, कारण तोही तुमच्या टँकइतकाच उघडा आहे.

हप्त्यांबद्दल थोडक्यात. बिनव्याजी म्हणजे फुकट नव्हे. रोखीवर मिळणारी सूट जाते का आणि प्रक्रिया शुल्क किती, हे दोन आकडे विचारा आणि बेरीज करा. निधी दोन महिन्यांचा असताना वर्षभराची बांधिलकी शौकासाठी घेऊ नये. ती आजारपणाच्या किंवा नोकरी सुटण्याच्या महिन्यातही यायचीच.

अ‍ॅक्रोपोराचा विचार वर्षभराने करा. तोवर निधी सहा महिन्यांचा झाला असेल आणि अल्कॅलिनिटी सलग तीन महिने जागची हलली नसेल, तर त्याच नामांकित कंपनीचं मागच्या पिढीचं वापरलेलं मॉडेल शोधा. घेताना प्रत्येक रंगाचा चॅनल वेगळा पेटवून बघा, लेन्स पिवळ्या पडल्यात का ते पाहा, आणि मूळ अडॅप्टर सोबत असेल तरच पैसे द्या.

ब्लॅक बॉक्स आल्यावर तो पाण्यापासून २५-३० सेंटीमीटर उंच टांगा आणि पहिल्या दिवशी ३० ते ४० टक्क्यांवरच ठेवा. मी पहिला एलईडी आणला तेव्हा हौसेने सगळे डिमर (प्रकाश कमी-जास्त करायची बटणं) पूर्ण फिरवले होते. आठवड्यात झोअँथिड मिटले, मग फिके पडत गेले, आणि त्यांतले निम्मे परत उघडलेच नाहीत. तेव्हा दर आठवड्याला पाचेक टक्के वाढवा. जमलं तर कुणा शौकिनाकडून पारमीटर एका संध्याकाळपुरता मागून आणा. मोबाइलवरच्या लक्स अ‍ॅपवर विसंबू नका, ते निळा प्रकाश नीट मोजत नाही.