गठ्ठ्यांचं मशीन राहू द्या, आधी दागिने सोडवा

डिचोली तालुक्यातल्या एका दूध उत्पादकाचं पत्र आहे. वय 42, गोठ्यात सात गाई. 2018 ला खाणी बंद पडल्या तेव्हा टिप्पर विकून त्यांनी गोठा उभारला. सगळा खर्च जाऊन महिन्याला 22 हजार राहतात. पावसाळ्यात चारा कुजतो म्हणून त्याचे गोल गठ्ठे दाबून वर प्लॅस्टिक गुंडाळणारं मशीन घ्यायचं मनात आहे. किंमत साडेचार लाख. गठ्ठे विकून 14 महिन्यांत पैसे सुटतात, असं विक्रेता सांगतो. दीड लाख हाताशी आहेत, बाकीच्यासाठी "बँकेतली मुलाच्या नावची एफडी मोडू का?" असा प्रश्न. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: "एफडीचा दुसरा हप्ता पत्नीचे दागिने ठेवून भरला. तिसरा ऑगस्टमध्ये आहे."

दादा, एफडीला हप्ता नसतो.

तुम्ही पाठवलेला कागद विमा पॉलिसीचा आहे. वर्षाला 1 लाख 20 हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 24 लाख. बँकेतल्या टेबलावर "दुप्पट" हा शब्द नक्की ऐकला असणार. पण तुमचा एकेक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून पडणार. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांवरून दर काढायचा ढोबळ हिशेब असा: 72 ला साडेपंधराने भागा. परतावा साडेचार टक्क्यांच्या जरासा वर. आणि हा हप्ता भरायला तुम्ही सोनं ठेवलंत 12 टक्क्यांनी. साडेचार मिळवण्यासाठी बारा मोजायचे, हा व्यवहार तुम्हाला कुणी शिकवला ते विचारत नाही. शिकवणारा टाय लावून बसला होता, एवढं कळतं.

त्याहून वाईट गोष्ट पहिल्याच पानावर आहे. ज्याच्या जिवाचा विमा उतरवलाय त्या रकान्यात नाव तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाचं. त्याच्या कमाईवर घरात कोण जगतं? घर चालतं तुमच्यावर. उद्या गोठ्यात शॉक लागून तुम्हाला काही झालं तर या पॉलिसीतून पत्नीला छदाम मिळणार नाही, उलट पुढचे हप्ते तिच्या डोक्यावर. पालक गेल्यास हप्ते माफ करणारी जोड असते, ती तुमच्या कागदावर मला दिसली नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर विमा किती? पत्रात उल्लेखच नाही, म्हणजे शून्य धरतो.

हप्त्याचे महिन्याला दहा हजार आणि सोन्याचं व्याज बाराशे. तुमच्या शिलकेतला निम्मा पैसा इथेच जातो. तिसरा हप्ता भरू नका. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज बंद केली तर किती, आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी किती. 1 ऑक्टोबर 2024 च्या आधीची पॉलिसी असेल तर दोन हप्त्यांवर निदान 30 टक्के, म्हणजे 72 हजार परत यायला हवेत. नंतरची असेल तर बहुधा जास्त. पावणेदोन लाखांच्या आसपास गेले, हे वाचून पोटात गोळा येईल. पण "भरलेले वाया जातील" या भीतीने अजून 9 लाख 60 हजार भरायचे? पुढच्या हप्त्यांचा परतावाही सहाच्या आतच आहे. पीपीएफ या सरकारी बचत खात्यात आज 7.1 टक्के मिळतात, शिवाय एखाद्या वर्षी पाचशेच भरले तरी कुणी दारात येत नाही.

ते 72 हजार आणि हातातल्यातले 50 हजार घालून चवथीच्या आत दागिने घरी आणा. मग स्वतःचा 50 लाखांचा शुद्ध मुदत विमा, म्हणजे टर्म प्लॅन. विडी-सिगारेट नसेल तर वर्षाला साधारण 12 ते 15 हजार. तो होईपर्यंत बँकेत 436 रुपयांची जीवनज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना याच आठवड्यात सुरू करा.

आता मशीन. सात गाई, दिवसाला 15 किलो, पावसाचे 120 दिवस: साडेबारा टन चारा. घाटावरून तयार मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, 8 रुपये किलोने दारात पडतो असं तुम्हीच लिहिता, म्हणजे वर्षाचा लाख. स्वतः केलात तरी मका, मजुरी, फिल्म यांत साठेक हजार जातातच. वाचले 40 हजार. साडेचार लाख सुटायला 11 वर्षं. विक्रेत्याचे 14 महिने जमतात ते वर्षाला 60 किलोचे 3 हजार गठ्ठे विकून. त्याला 180 टन हिरवा चारा लागतो, मक्याची दहा एकर. गोव्याच्या हिशेबात 40 हजार चौरस मीटर. एवढी जमीन आहे? टिप्पर घेतानाही खेपा कधी थांबणार नाहीत असंच धरलं होतं ना?

आणि भाताचा पेंढा गुंडाळून मुरघास होत नाही. वाळलेल्यात आंबायला ओल नसते, प्लॅस्टिक फक्त पाऊस अडवतं. जुलैतलं चिंब गवत गुंडाळलंत तर आत घाण वासाचा लगदा. चाऱ्याची बारीक कापलेली कुट्टी मुठीत आवळा: मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर राहिला, तर ओल बरोबर. चार-सहा थर फिल्म असली तरी उंदराने एक भोक पाडलं की तो गठ्ठा गेला.

टनभराच्या मुरघासाच्या पिशव्या मिळतात, हजाराच्या आतबाहेर. तेरा पिशव्या, एक कडबाकुट्टी, पिशव्या ठेवायला उंच ओटा. पैसे कमी पडले तर पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड काढा: 2 लाखांपर्यंत 7 टक्के, वेळेवर फेडलंत तर 4. त्यातून चाराच घ्यायचा, हप्ता भरायचा नाही. विक्रेत्याला एकच सांगा: मशीन दोन दिवस भाड्याने दे, 40 गठ्ठे करून बघतो. नाही म्हणाला तर त्याचा फोन पुन्हा उचलू नका.